डाळवडे पहिल्यांदा करताय? आधी पाण्याचा हिशोब समजून घ्या

माझ्या डाळवड्यांचा पहिला घाणा तेलात विरघळला होता. सहा वडे हलक्या हाताने सोडले, मिनिटभराने झारा घातला, तर वर आली ती डाळीची भरड आणि कांद्याचे तुकडे. तेल फेसाळून कढईच्या काठापर्यंत चढलं होतं. गॅस बंद केला आणि आईला फोन लावला. मला वाटलं, मसाल्याबद्दल विचारेल, पिठाबद्दल विचारेल. तिने एकच विचारलं, “वाटताना पाणी घातलंस का गं?”

घातलं होतं. पाव वाटीच, पण घातलं होतं. कारण त्याशिवाय मिक्सर फिरतच नव्हता.

त्यानंतर मी हे वडे खूप वेळा केले. चार माणसांसाठी केले, पंचवीस माणसांसाठी केले, भर पावसाळ्यात केले आणि मे महिन्यात केले. मसाला थोडा कमीजास्त झाला तरी वडा चांगलाच लागतो, हे तेव्हा कळलं. पाण्याचा अंदाज चुकला की मात्र तो फुटतो, तेल पितो, आत गिच्च राहतो नाहीतर दगड होतो. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला मी पाण्याचं आधी सांगणार आहे, बाकीचं नंतर.

हे हरभऱ्याच्या डाळीचे चपटे, जाडसर वाटणाचे वडे आहेत. मेदूवडा वेगळा. त्याची उडीद डाळ गुळगुळीत वाटून, फेटून हलकी करावी लागते. ती रीत इथे लावू नका आणि इथली तिथे लावू नका.

काय काय लागेल

या मापात १८ ते २० वडे होतात.

हरभऱ्याची डाळ २ वाट्या (साधारण पाव किलो)
कांदे २ मध्यम
हिरव्या मिरच्या ५-६
आलं दीड इंच, लसूण ६-७ पाकळ्या
जिरं, बडीशेप आणि धने प्रत्येकी १ चमचा
कढीपत्त्याच्या २ डहाळ्या, मूठभर कोथिंबीर
हिंग आणि हळद पाव पाव चमचा
मीठ १ चमचा, लागलं तर थोडं वर
तांदळाचं पीठ २ चमचे (हे बाजूला ठेवा, लागलं तरच घालायचं)
तळायला तेल साधारण अर्धा लिटर

भांड्यांमध्ये मोठी चाळणी, स्वच्छ सुती पंचा, मिक्सरचं चटणीचं भांडं, परात, जाड बुडाची कढई, झारा आणि तेलातली भरड काढायला बारीक जाळी एवढं हाताशी असू द्या. वेळेचा अंदाज असा: भिजायला ३ तास, निथळायला अर्धा तास, वाटायला पाव तास, तळायला अर्धा तास. पाहुणे पाच वाजता येणार असतील तर डाळ बाराच्या आत पाण्यात पडली पाहिजे.

१. डाळ नीट बघून घ्या

सुट्या डाळीत कधी कधी वाटाण्याची डाळ मिसळलेली असते. हरभऱ्याच्या डाळीचा रंग जरा गडद पिवळा असतो, दाणा किंचित सुरकुतलेला असतो आणि एका टोकाला बारीकशी चोच असते. वाटाण्याची डाळ फिकट, गुळगुळीत, सरळ अर्ध्या गोळीसारखी दिसते. तिचेही वडे होतात, पण ती वेगळ्या वेगाने भिजते, त्यामुळे मिसळलेल्या डाळीत काही दाणे मऊ आणि काही टणक राहतात.

डाळ जुनी असेल तर भिजायला जास्त वेळ घेते. आणल्याची तारीख आठवत नसेल तर तासभर जास्तीचा धरून चाला.

निवडून झाली की चार-पाच पाण्यांनी धुवा. पहिल्या पाण्यांना फेस येतो. तो यायचा थांबला आणि पाणी स्वच्छ दिसू लागलं की पुरे.

२. भिजवा, पण रात्रभर नाही

नवख्यांची पहिली चूक इथेच होते. उद्या वडे करायचे म्हणून रात्री झोपताना डाळ भिजत घालतात. इडली-डोशाच्या सवयीने तसं होतं. पण हरभऱ्याची डाळ आठ-दहा तास पाण्यात राहिली की पोटभर पाणी पिते, वाटताना तिचा लगदा होतो आणि ते पाणी तळताना तुमच्या कढईत बाहेर येतं. उन्हाळ्यात तर ती सकाळपर्यंत आंबूसही होते.

भरपूर पाण्यात, म्हणजे डाळीच्या वर चार बोटं येईल एवढ्या पाण्यात, अडीच ते तीन तास पुरतात. उन्हाळ्यात दोन तासांनी बघायला लागा, थंडीत साडेतीन तास लागू शकतात. घाई असेल तर कडकडीत नाही, पण चांगलं गरम पाणी घाला. दीड तासात काम होतं.

घड्याळापेक्षा नखावर विश्वास ठेवा. एक दाणा घ्या आणि नखाने मधोमध दाबा. कट्कन दोन तुकडे झाले पाहिजेत. तुटलेल्या जागी मध्ये पांढुरकी कोरडी रेघ दिसली तर अजून भिजू द्या. दाणा तुटण्याऐवजी चेपला गेला तर जास्त भिजलीय, लगेच उपसा.

भिजलेली डाळ वाटायला घेण्याआधी त्यातली दोन मोठे चमचे अख्खी बाजूला काढा. तळल्यावर हेच दाणे दाताखाली कुरकुरतात.

डाळ कुकरला लावून मऊ करून घेतली तर चालेल का, असं मला दोन-तीन जणींनी विचारलंय. चालणार नाही. वडा बांधून ठेवायचं काम कच्च्या डाळीतलं पिष्ट आणि प्रथिनं करतात. वाटल्यावर ती मोकळी होतात आणि तेलाची उष्णता लागली की घट्ट बसतात. शिजलेल्या डाळीत हे काम कुकरमध्येच उरकलेलं असतं. तिचा वडा तेलात पडताच सुटतो.

३. निथळू द्या

ही पायरी पुस्तकांमध्ये अर्ध्या ओळीत असते, “पाणी काढून टाका” एवढीच. माझ्या मते निम्मा वडा इथे ठरतो.

आमची आजी डाळ चाळणीत उपसून चाळणी मोरीत तिरकी लावून ठेवायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. आम्हाला घाई. दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, “आजी, घेऊ का वाटायला?” ती येऊन चाळणी उचलायची आणि खाली तळहात धरायची. हातावर थेंब पडला की, “अजून गळतंय गं, थांब जरा.” थेंब पडायचे थांबले की मग डाळ पंच्यावर पसरायची, वरून दुसऱ्या टोकाने हलकेच टिपायची. हाताला दाणे ओलसर लागले पाहिजेत, पण तळवा ओला व्हायला नको, हे तिचं माप. मी अजून तेच वापरते.

चाळणीत वीस मिनिटं, पंच्यावर दहा मिनिटं. पावसाळ्यात पंच्यावर जरा जास्त वेळ. पंख्याखाली तासभर मात्र ठेवू नका, वरचा पापुद्रा वाळतो आणि भरड कोरडी पडून वडा थापता येत नाही.

४. वाटण

मसाला आधी वाटायचा, डाळ नंतर. मिरच्या, आलं, लसूण, जिरं, बडीशेप आणि धने चटणीच्या भांड्यात घालून जाडसर फिरवा. मिरची, आलं आणि लसणाचा स्वतःचा ओलावा असतो, तेवढ्यावर हे वाटलं जातं. धने अर्धेमुर्धे राहिले तरी चालतील, उलट चांगलेच. हे वाटण परातीत काढा. भांडं धुवू नका. त्याला चिकटलेला मसाला डाळीबरोबर निघून येईल आणि धुतलेल्या भांड्यात उरलेलं चमचाभर पाणीही टळेल.

आता डाळ. मिक्सरचं भांडं निम्म्यापेक्षा कमी भरा, म्हणजे एवढ्या डाळीला तीन-चार वेळा वाटावं लागेल. बटण फिरवून सोडून देऊ नका. दोन सेकंद फिरवा, थांबा. पुन्हा दोन सेकंद, थांबा. मिक्सरला उलट्या बाजूला धरून सोडायचं बटण असतं, ते यासाठीच आहे. दर दोन-तीन झटक्यांनी झाकण काढा आणि चमच्याने खालची डाळ वर करा. पातं नुसतंच फिरतंय आणि डाळ हलत नाहीये असं झालं, की हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो. तिथे थांबा. भांडं काढून दोनदा हलवा, डाळ सैल करा, पुन्हा लावा. अगदीच अडलं तर त्यातली थोडी डाळ काढून ठेवा. भांड्यात कमी डाळ असली की बिनपाण्याचं वाटण होतं, प्रत्येक मिक्सरमध्ये होतं.

किती वाटायचं, हा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण सांगून कळत नाही. तरी सांगते. चिमूटभर वाटण अंगठा आणि बोटात धरून चोळा. जाड रव्यासारखं खरखरीत लागलं पाहिजे. डोळ्यांनी बघितलं तर त्यात अर्धे, पाव झालेले दाणे सहज मोजता आले पाहिजेत. मग मुठीत घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि बोटाने टोचला की तुटला पाहिजे. गोळा होतच नसेल तर वाटण फार जाड आहे. बोट टोचल्यावर खळगा पडून गोळा तसाच राहत असेल तर फार बारीक झालंय.

सगळ्या फेऱ्या सारख्या वाटू नका. शेवटची एक फेरी जरा जास्त फिरवा, बेसनाच्या लाडवाच्या पिठाइतपत बारीक. हे बारीक वाटण बाकीच्या भरडीला धरून ठेवतं. पूर्वी पाट्यावर डाळ रगडली की हा बारीक-जाड मेळ आपोआप व्हायचा. मिक्सर सगळं एकसारखं करतो, म्हणून तो मेळ आपल्याला मुद्दाम घालावा लागतो. बहुतेक वडे पीठ न घालता मिळून येतात ते यामुळेच.

५. तेल आधी तापत ठेवा, कांदा-मीठ नंतर

हा क्रम मी फार उशिरा शिकले. कांद्याला मीठ लागलं की पाणी सुटतं. दहा मिनिटांत परातीच्या तळाला ओल दिसते, वीस मिनिटांत मिश्रण सैल होतं आणि मग पीठ घालायची पाळी येते. पीठ घातलं की वडा भज्यासारखा लागायला लागतो.

म्हणून आधी कढई मध्यम आचेवर ठेवा. तेल अर्ध्या कढईच्या वर नको. डाळीतला ओलावा बाहेर पडताना तेल फेसाळून वर चढतं, त्याला जागा हवी. शेंगदाण्याचं तेल मला चवीला सर्वात आवडतं, पण कुठलंही तळणीचं तेल चालेल.

तेल तापेपर्यंत कालवायचं. परातीत मसाल्याच्या वाटणावर डाळीची भरड, अख्खे दाणे, हिंग, हळद, हाताने तोडलेला कढीपत्ता आणि कोथिंबीर घाला. कोथिंबीर धुऊन लगेच चिरलेली नको, तिच्या पानापानात पाणी असतं. तासभर आधी धुऊन कोरडी करून ठेवा. कांदा बारीक चिरा. मोठ्या फोडींच्या जागी वडा हमखास फुटतो. शेवटी कांदा आणि मीठ घालून बोटांच्या टोकांनी हलकं कालवा. कणकेसारखं मळू नका, मळलं की वडा घट्ट होतो.

पंचवीस माणसांचं करत असाल तर सगळ्या भरडीला एकदम कांदा-मीठ लावू नका. दोन घाण्यांपुरतं घ्या, ते थापून झालं की पुढचं.

खाण्याचा सोडा घालू नका. त्याने वडा जरा फुलतो खरा, पण तेलही जास्त पितो.

६. तेल तयार झालं हे कसं ओळखायचं

थर्मामीटर असेल तर १७० ते १७५ अंश सेल्सियस. नसेल तर वाटाण्याएवढी भरड तेलात टाका. ती तळाला जाऊन दोन-तीन क्षणांत बुडबुड्यांसकट वर आली तर तेल तयार. तळालाच बसून राहिली तर थंड आहे. पडल्या पडल्या वर उसळून लगेच काळपट झाली तर फार तापलंय, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. तेलातून धूर दिसेपर्यंत तर कधीच तापवू नका.

तापमानाचा एवढा आग्रह का, तर पुन्हा पाणीच. वडा गरम तेलात पडला की आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि जोराने बाहेर येते. ती बाहेर येत असेपर्यंत तेलाला आत शिरायला वाट मिळत नाही. तेल थंड असलं की वाफेला जोर नसतो, कवच धरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात वडा तेल पितो, नाहीतर सुटतो.

७. एकच वडा आधी

सगळे थापून ठेवायच्या आधी एकच वडा तळा, मोडून बघा आणि चाखा. कच्च्या डाळीच्या मिश्रणाला उग्र वास असतो, त्यावरून मिठाचा अंदाज येत नाही, आणि कच्ची डाळ पोटालाही जड. तळलेला एक वडा तुम्हाला मीठ, तिखट, बांधणी आणि तेल हे सगळं एकदम सांगतो.

तो सुटला तर याच वेळी, आणि याच वेळी फक्त, बाजूला ठेवलेलं तांदळाचं पीठ एक चमचा घाला. पुन्हा एक तळून बघा. तरी सुटला तर मूठभर मिश्रण मिक्सरमध्ये बारीक करून परत मिसळा. दोन चमच्यांच्या पुढे पीठ घालायचा मोह आवरा.

८. थापणं आणि सोडणं

हात ओला करून झटका, थेंब टपकत असलेला हात तेलाजवळ नेऊ नका. लिंबाएवढा गोळा तळहातावर घ्या, मुठीने एकदा घट्ट दाबा आणि मग दुसऱ्या हाताच्या बोटांनी चपटा करा. मध्ये साधारण १ सेंटीमीटर जाड, कडेला पातळ. कडा फाटलेल्या, वेड्यावाकड्या राहू द्या. गुळगुळीत कडेच्या वड्यापेक्षा फाटक्या कडेचा वडा जास्त कुरकुरीत होतो, म्हणून त्या कडा बोटांनी सारख्या करत बसू नका.

हातावरून सरळ तेलात सोडायची भीती वाटत असेल तर झाऱ्यावर ठेवा, झारा तेलाला टेकवा आणि वडा घसरू द्या. वरून टाकू नका. वडा कढईच्या कडेने, आपल्यापासून लांबच्या दिशेला सोडायचा, म्हणजे उडालेलं तेल आपल्या अंगावर येत नाही.

एका घाण्यात चार-पाच वडे. कढई भरून टाकली की तेल एकदम निवतं.

९. तळणं

सोडल्यावर पहिला दीड मिनिट झारा लावू नका. मला माहीत आहे, हात शिवशिवतो. पण या वेळात वड्याचं खालचं कवच धरत असतं. झारा लागला की ते फुटतं आणि भरड तेलभर होते.

आवाज ऐका. सुरुवातीला मोठा चरचराट असतो, बुडबुडे मोठे आणि दाट. दीड-दोन मिनिटांनी वडा तळापासून सुटून वर येतो, तेव्हा उलटा. आच मध्यमच. पुढच्या तीन-चार मिनिटांत चरचर बारीक होत जाते, बुडबुडे लहान आणि विरळ होतात. आतलं पाणी संपत आल्याची ती खूण. रंग गडद सोनेरी झाला, कडेचे डाळीचे दाणे तांबूस झाले आणि झाऱ्याने टिचकी मारली तर टक् असा कोरडा आवाज आला की वडा झाला. एकूण पाच ते सहा मिनिटं. तीन मिनिटांत सोनेरी झालेला वडा आत कच्चा असतो, आच मोठी आहे हे समजा.

१०. काढताना

वड्यात सगळ्यात जास्त तेल तळताना जात नाही, बाहेर काढल्यावर जातं. तेलातून बाहेर आला की आतली वाफ निवते, आत पोकळी होते आणि कवचावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यात वडे घेऊन कढईवरच दहा-बारा सेकंद धरा, हलकेच झटका आणि मग चाळणीत उभे, एकमेकांना टेकवून ठेवा. कागदावर एकावर एक ढीग केला की खालचे मऊ पडतात. झाकण तर अजिबात नको, वाफ धरून सगळी मेहनत मऊ होते.

दोन घाण्यांच्या मध्ये बारीक जाळीने तेलातली भरड काढा. ती जळून पुढच्या वड्यांना काळे ठिपके आणि कडवट चव देते. मग अर्धा मिनिट थांबून तेल पुन्हा तापू द्या.

सोबत तळलेल्या मिरच्या करणार असाल तर त्यांना उभी चीर द्या. अख्खी मिरची आतल्या वाफेने फुटते आणि तेल चेहऱ्यावर येतं. आणि कधी कढईने पेट घेतलाच तर पाणी ओतू नका. गॅस बंद करा आणि घट्ट झाकण ठेवा.

बिघडलं तर कुठे बघायचं

तेलात सुटतोय: बहुतेक वेळा डाळ नीट निथळलेली नाही किंवा वाटताना पाणी पडलंय. तेल थंड असणं हे दुसरं कारण. मिश्रण सैल दिसत असेल तर पंच्यावर पसरून दहा मिनिटं पाणी टिपून घ्या, पिठाच्या आधी हे करा.

बाहेरून तांबडा, आत गिच्च: आच मोठी किंवा वडा जाड.

दगडासारखा: वाटण फार बारीक झालं, हाताने फार मळलं गेलं किंवा डाळ कमी भिजली. कमी भिजलेल्या डाळीचे दाणे दाताला लागतात, त्यावरून ओळखता येतं. एकदा तळून झाल्यावर याला उपाय नाही, ते वडे कढीत टाका, तासाभरात मऊ होतात आणि छान लागतात.

तेलकट: थंड तेल, सोडा किंवा कढईत गर्दी.

दुसऱ्या डाळी

हात बसला की मिसळून बघा. हरभऱ्याची दीड वाटी आणि तुरीची अर्धी, हे मला सर्वात आवडतं मिश्रण, तुरीने चव खोल होते. मूगडाळ दोन तासांत भिजते आणि वडा मऊसर होतो. मसूर डाळ पाऊण तासात भिजते, तिला पाणीही लवकर सुटतं, त्यामुळे ती एकटी वापरताना फार जपावं लागतं. वेगवेगळ्या डाळी एकाच भांड्यात भिजवू नका. प्रत्येकीची वेळ वेगळी, म्हणून भांडी वेगळी.

विदर्भात वडाभातासाठी अशाच मिश्र डाळींचे वडे करतात आणि गरम भातावर कुस्करून वरून फोडणीचं तेल घालतात. उरलेल्या वड्यांचं त्याहून चांगलं काही मला सुचलेलं नाही.

कमी तेलात करायचे असतील तर आप्पेपात्रात चमचा चमचा तेल सोडून, झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस करा. तव्यावर थोड्या तेलात केले तर एकेका बाजूला चार मिनिटं. दोन्ही चांगले लागतात, पण तळलेल्या वड्याची खुसखुशी त्यात शोधू नका.

आधी करून ठेवायचं असेल तर

कांदा आणि मीठ न घातलेली भरड घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये एक दिवस चांगली राहते. बाहेर काढल्यावर वर आलेली ओल टिपून घ्या आणि तळायच्या वेळीच कांदा-मीठ घाला. दुसरी सोय म्हणजे वडे चार मिनिटांपर्यंत तळून, फिके असतानाच काढून ठेवायचे आणि पाहुणे बसले की जरा कडक तेलात दीड-दोन मिनिटं पुन्हा सोडायचे. पंचवीस माणसांना मी असेच केले होते, सगळ्यांच्या ताटात गरम पडले.

तळून उरलेलं तेल पूर्ण निवू द्या, कापडातून गाळा आणि झाकून ठेवा. चार-पाच दिवसांत फोडणीला संपवा. त्याला लसूण, कढीपत्ता आणि बडीशेपेचा वास लागलेला असतो, तुरीच्या आमटीच्या फोडणीला ते फार छान लागतं. पुन्हा पुन्हा तळणीला मात्र तेच तेल घेऊ नका. आणि पुढच्या वेळी डाळ भिजत घालाल तेव्हा डब्यावर किती तासांत भिजली ते पेन्सिलीने लिहून ठेवा. त्याच डाळीचे वडे दुसऱ्यांदा करताना नख लावून बघायचे दोन-तीन फेरे वाचतात.